नितळ पाण्यातला वणवा

नदीचं पाणी गाळून पहिल्यांदा उजेडात धरलं, तेव्हा ते फिकट तपकिरी, पण अगदी नितळ होतं. काळा कण एकही नाही. त्याच बाटलीत जळालेल्या झाडांचा कार्बन निघाला, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

वणव्यात सगळ्याच लाकडाचा धूर होत नाही. अर्धवट जळलेल्याचा कोळसा होतो आणि मातीत मिसळतो. सूक्ष्मजीवांना तो सहजी पचत नाही. काही तुकडे माती धुपताना पाण्याबरोबर जातात. आधी तरंगतात, छिद्रांत पाणी भरलं की बुडतात. उरलेल्या कोळशाच्या कडा मात्र हवापाण्याने हळूहळू बदलतात, विरघळण्याजोग्या होतात आणि झिरपत नदीला मिळतात.

तो कार्बन ओळखण्याची पद्धत मला फार आवडते. नमुना नायट्रिक आम्लात, बंद भांड्यात, 170 अंश सेल्सियसला तासन् तास तापवायचा. जळकटाचे जाळीदार रेणू तुटतात आणि बेन्झीनची सुटी षटकोनी कडी हाती येते. तिच्या सहाही कोपऱ्यांवर कार्बॉक्सिल गट (शेजारची जोडणी तुटली तिथे उरणारा आम्लगट) असले, तर ती चहूबाजूंनी जखडलेली, जाळीच्या आतली कडी. आगीची इतकी नेमकी खूण राखेतही सापडत नसेल!

ब्राझीलमधल्या पाराइबा दो सुल नदीचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. तिच्या खोऱ्यातलं अटलांटिक जंगल तोडून जाळलं गेलं. मोठ्या प्रमाणावरची ती जाळपोळ 1973 मध्ये थांबली. तरीही दर पावसाळ्यात नदी तिथला जळका कार्बन समुद्राकडे नेतेच आहे, असं 2012 च्या एका शोधनिबंधात दिसलं. जंगल गेलं, जाळणारे हात थांबले, माती मात्र अजून देतेच आहे. जगभरच्या नद्यांचा 2013 चा अंदाज वर्षाला सुमारे 2.65 कोटी टनांचा होता, तोही फक्त विरघळलेल्या जळक्या कार्बनचा. कण वेगळेच.

पुढे समुद्रात काय होतं? कण तळाच्या गाळात बसतात. 1998 मध्ये खोल समुद्रातला गाळ तपासला, तेव्हा त्यातला जळका कार्बन सोबतच्या इतर सेंद्रिय कार्बनपेक्षा 2,400 ते 13,900 वर्षं जुना निघाला. विरघळलेल्याला मात्र ऊन तोडतं. मी सुरुवातीला गाळलं त्या नदीच्या पाण्याच्या दोन बाटल्या मी खिडकीत ठेवल्यात, एक फॉइलमध्ये गुंडाळून. उघडीचा तपकिरी रंग उतरू लागलाय.