पडत नाही, मग फिट कसली?

"तुम्ही कधी पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, मग फिट कसली?" सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मला अपस्मार आहे, म्हणजे फिट येण्याचा आजार. माझी फिट पोटात सुरू होते. पोटात खड्डा पडतो, तो छातीपर्यंत चढतो आणि मागोमाग भीती. कशाची, ते सांगता येत नाही. पुढचं घरचे सांगतात. नजर खिळते, तोंड चघळत राहतं, हात ओढणीचं टोक चाळवत राहतो, हाक मारली तर ओ देत नाही. दीडेक मिनिटात थांबतं, पण नंतर काही वेळ मी भलतंच बोलते आणि कुणी धरलं तर हिसडा मारते. वागळे इस्टेटच्या ऑफिसात एकाने दंड धरला, मी त्याला ढकललं. जेवणाच्या सुट्टीआधी मजलाभर झालं, मॅडमचं डोकं फिरलंय. सासूबाईंनी दृष्ट काढली. फॅमिली डॉक्टर म्हणाले, टेन्शन.

ओळखलं ते नौपाड्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी, ज्यांच्या पायऱ्या चढताना लोक आधी इकडेतिकडे बघतात. माझ्यापेक्षा नवऱ्यालाच त्यांनी जास्त विचारलं: किती वेळ चालतं? दर वेळी अगदी असंच? पॅनिक अटॅक बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं तरी चालतो आणि माणसाला तो नंतर आठवतो. माझं मिनिट-दीड मिनिटाचं, दर वेळी साच्यातून काढल्यासारखं, आणि पुढचं कोरं. "पुढच्या वेळी मोबाइलवर शूट करा," म्हणाले. तो व्हिडिओ बघून त्यांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं.

पहिला ईईजी नॉर्मल! नातेवाईकांना केवढा आनंद. पण ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, तीही वीस-तीस मिनिटांची. तेवढ्यात काही दिसलं नाही म्हणून अपस्मार नाही, असं ठरत नाही. दुसरा काढला रात्र जागून, केस धुऊन, तेलाचा थेंब न लावता. त्यात सापडलं: उजवा टेम्पोरल लोब, म्हणजे मेंदूचा कानाच्या वरच्या अंगाचा भाग. भीती आणि आठवणींचा कारभार बराचसा तिथेच चालतो.

लेव्हेटिरासिटॅम नावाच्या गोळीने फिट थांबल्या, पण मी घरभर खेकसायला लागले. काहींना त्या गोळीने असं होतं. डॉक्टरांनी हळूहळू बदलून दिली. आपल्या मनाने बंद केली असती, तर फिट आणखी जोरात उलटू शकल्या असत्या.

कधी माझ्यासोबत असाल आणि झालंच, तर दंड धरू नका. घड्याळ बघा, रस्त्याकडे निघाले तर अलगद वळवा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ लावा. आणि कांदा, चप्पल काही हुंगवू नका.