तोंडात तीळ भिजत नाही असा मित्र

मुलांसाठीची एक विनोदी कादंबरी माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतेय. नायक नाशिकरोडचा, सहावीतला. त्याला एक छंद आहे आणि तो वर्गात कुणाला कळता कामा नये, एवढंच कथासूत्र. गुप्त म्हटलं की लगेच हेरगिरी, भुयार, जादूची डबी. ते मला नकोय. छंद असा हवा की ज्यात लपवण्यासारखं काहीच नाही. म्हणून मी त्याला टपाल तिकिटं जमवायला लावलं. बाकीची पोरं मोबाइलवर गेम खेळताहेत आणि हा कोमट पाण्याच्या वाटीत पाकिटाचा तुकडा बुडवून तिकीट सुटायची वाट बघतोय. कळलं तर दहावीपर्यंत ‘आजोबा’ हे नाव पक्कं.

गाव मात्र मुद्दाम निवडलंय. आपली तिकिटं कित्येक वर्षं लंडनहून छापून यायची. 1925 साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस निघाली आणि ते काम इथे आलं. 21 नोव्हेंबर 1947चं ते तिरंग्याचं, ‘जय हिंद’वालं, स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीटही इथलंच. म्हणजे भिंतीपलीकडे तिकिटांच्या थप्प्या आणि पोराच्या हाती काय? कुरिअरच्या प्लास्टिक पिशव्या. पोस्टानं चुकून काही आलंच तर बँकेचं पत्र, त्यावरही मशीनचा छाप.

कोरं तिकीट खिडकीवर मिळतं, पण ते त्याला नकोय. शिक्का हवा, प्रवास हवा. मग तो स्वतःलाच पत्रं पाठवायला लागतो. साध्या पत्राला 5 रुपये, म्हणजे मधल्या सुट्टीतला वडापाव बंद. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्ता डाव्या हातानं. आत कोरा कागद, कारण स्वतःला लिहिणार काय?

पत्र आईच्या हाती पडतं. सहावीतल्या मुलाच्या नावानं पाकीट, वेडंवाकडं अक्षर, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, आत कोरा कागद! मजकूर असता तर रागावता तरी आलं असतं. पंचवटीतल्या आत्याला तातडीनं बोलावणं जातं, आत्या कागद उजेडात धरून बघते, मग मेणबत्तीवर. हे प्रकरण माझं सगळ्यात लाडकं. खरं काय ते फक्त पोस्टमनकाकांना ठाऊक, पण त्यांना कुणी विचारतच नाही.

आता मित्र. बालवाडीपासूनचा जिवलग, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्याला सांगायची सोय नाही. म्हणून नायक गुपित सांगतो ते वर्गातल्या एका मुलीला, जिच्याशी त्याचं धड बोलणंही नाही. तुम्ही आठवून पाहा, लहानपणी पहिलं गुपित आपण बहुतेक अशाच कुणाला सांगितलेलं असतं. तिथे हसं झालं तरी फारसं काही जात नाही. (ती मुलगी भलती चोख. ‘काही तिकिटं हैदराबादलाही छापतात,’ असं सुनावून त्याच्या गावाभिमानाला टाचणी लावते.)

जिवलगाला शेवटी कळतंच. तिकिटांचं त्याला काही नाही. ‘तिला आधी सांगितलंस?’ एवढं एकच तो विचारतो आणि चार दिवस डबा वेगळा खातो. पाचव्या दिवशी समेटाला म्हणून आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या पत्रांवरची तिकिटं घेऊन येतो. चांगली मूठभर. वर अभिमानानं सांगतो, ‘कडा सगळ्या कुरतडल्यासारख्या होत्या, म्हणून रात्री बसून कात्रीनं सरळ करून आणल्या.’

दाते कापलेल्या तिकिटाला संग्रहात काडीची किंमत नसते, हे नायकाला माहीत आहे. तो काय म्हणतो, इथे माझं घोडं अडलंय. आईनं त्याला समजावून सांगावं, असं बायको सुचवते. पण या कादंबरीत मोठ्या माणसांना शहाणपणाची परवानगी नाही, आणि आत्याला तर मुळीच नाही.