ब्रेकडाऊनची तारीख काय टाकू? पवनचक्कीच्या बेअरिंगचा माझा अनुभव

मी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे. आमची मशीन जुनी, व्हायब्रेशनचे सेन्सर आम्ही नंतर बसवले, ते काम चार दिवसात झालं, त्यात काही अडचण नाही आली.

फेब्रुवारीत एका गिअरबॉक्सच्या हायस्पीड शाफ्टचं, म्हणजे जनरेटरकडे जाणाऱ्या वेगात फिरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग खराब व्हायला लागलेलं व्हायब्रेशनच्या ग्राफमधे दिसायला लागलं. बेअरिंगच्या बाहेरच्या रेसच्या, म्हणजे बाहेरच्या कड्याच्या, बिघाडाच्या फ्रिक्वेन्सीवर टोक, तिच्या दुप्पट-तिप्पटवर पण टोक. टेम्परेचर मात्र एकदम नॉर्मल. टेम्परेचर वाढायची वाट बघत बसू नका, ते वाढेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. वर चढून आधी सेन्सर ढिला नाही ना ते बघितलं, मग गिअरबॉक्सच्या तेलातले लोखंडाचे कण धरणारा मॅग्नेटिक प्लग काढून फडक्यावर पुसला तर चकचकीत पापुद्रे निघाले, नखाच्या टोकाएवढे.

खाली येऊन लगेच बेअरिंगची मागणी टाकायला बसलो आणि तिथेच अडकलो. फॉर्ममधे 'ब्रेकडाऊनची तारीख' भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अरे पण मशीन चालू आहे, ते बंद पडू नये म्हणून तर मागतोय! आजची तारीख टाकली तर ऑफिसकडून मागणी परत, शेरा काय तर जनरेशन चालू दिसतंय. ग्राफ पाठवला तर म्हणे तीन महिन्यांचा ट्रेंड द्या. तीन महिने म्हणजे मे संपला, वाऱ्याचा सीझन सुरू, आणि जूनमधे पठारावर धुकं, पाऊस, जोराच्या वाऱ्यात नॅसेलमधे, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या मशीनच्या खोलीत, काम करता येत नाही. आत्ता हे बेअरिंग चेनब्लॉक (साखळीची कप्पी) लावून वरच्या वर बदलता येतं, पण गिअरचे दात गेले की आख्खा गिअरबॉक्स खाली आणायचा, त्याला मोठी क्रेन, आणि चिखलात क्रेन पठारावर आणायची कशी? हे मी फोनवर किती वेळा सांगितलं असेल. सात आठवडे गेले, रोज सकाळी आधी तो ग्राफ उघडायचो आणि पोटात गोळा यायचा.

शेवटी स्टोअरमधल्या एका माणसाने सांगितलं, साहेब कारणामधे 'इन्स्पेक्शन' निवडा, तारखेचा रकाना येतच नाही. एवढंच होतं! सोबत पापुद्र्यांचा फोटो, तेलाचा लॅब रिपोर्ट आणि आत्ताचा खर्च विरुद्ध क्रेनचा खर्च असं एक पान जोडलं, मंजुरी आली.

मेच्या पहिल्या आठवड्यात उघडलं तर बाहेरच्या रेसवर अंगठ्याएवढा पट्टा खवले निघालेला. ग्राफने सांगितलं तेच. माझ्या पोरांनी दोन दिवसात नवीन बसवलं, पावसाच्या आधी मशीन फुल लोडला, मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

आणि हो, रीडिंग सारख्याच लोडला घेतलेली एकमेकांशी लावा, कमी वाऱ्याचं रीडिंग बघून आमच्यातल्या एकाला वाटलं होतं की बेअरिंग सुधारलं. तेलाचं सॅम्पल पण मशीन थांबवल्यावर लगेच, गरम असताना, फिल्टरच्या आधीच्या बाजूने घ्या.