बेडूक गल्लीतलं घर

इंग्लंडमधल्या एक्सिटरला आलेला माणूस आधी कॅथीड्रल बघतो. मी मात्र तिथून पाय काढला आणि नदीच्या बाजूला उताराला लागले. स्टेपकोट हिल ही पायऱ्या-गोट्यांची अरुंद गल्ली जिथे संपते, तिथे सेंट मेरी स्टेप्स चर्चसमोर मला हवं होतं ते घर उभं होतं. अंगाने बारीक, तीन मजली, वरचा मजला खालच्याच्या पुढे डोकावणारा.

पाचशे वर्षांहून जुनं हे घर १९६१ पर्यंत इथे नव्हतंच! खाली फ्रॉग स्ट्रीटच्या, म्हणजे आपल्या भाषेत बेडूक गल्लीच्या, कोपऱ्यावर होतं. नवा बायपास ठरला, गल्ली पाडायची ठरली, तेव्हा जाणकारांनी घराचं वय ओळखलं आणि ते उचलून न्यायचं ठरलं. आतून-बाहेरून लाकडी टेकूंनी आवळलं, खाली चाकं घातली आणि लोखंडी रुळांवरून २१ टनांहून जास्त वजनाचं हे धूड चढावर सुमारे ७० मीटर ओढत आणलं. डिसेंबरच्या थंडीत बघ्यांची ही गर्दी.

दगडी घर असतं तर हे फार अवघड गेलं असतं. इथे सगळा भार ओकच्या सांगाड्यावर. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू, म्हणजे कोरलेलं टोक, आणि वर लाकडी खुंटी. मधल्या भिंती अशा घरांत कुडाच्या असतात, आपल्या कोकणातल्यासारख्या. एका खांबावरून हात फिरवला. उभ्या भेगा, पण आत ठणठणीत. आमचा वाईचा वाडा पाडला तेव्हा तुळया अशाच होत्या. बिल्डरने त्या आधी विकल्या, मग भिंती पाडल्या.

पण हेवा वाटता वाटता थांबले. मे १९४२च्या बॉम्बफेकीत या शहराचा जुना गाभा जळाला होता. त्यातून वाचलेली गल्ली पुढे यांनी स्वतःच रस्त्याखाली घातली. एक घर उचललं, शेजार गेला. कोपऱ्यावरचं घर म्हणून त्याची जी ऐट असणार, ती इथे कळत नाही.

मी गेले तेव्हा तळमजल्यावर नवरीच्या कपड्यांचं दुकान होतं. काचेत पांढरेशुभ्र झगे, वर काळी वाकलेली लाकडं. बेडूक गल्ली कुठे होती ते बघायला खाली गेले, तर समोर गाड्यांची रांग. सिग्नल सुटायची वाट बघत बराच वेळ उभी राहिले.