अर्धी ब्राउनी आणि २६ जून
२६ जून, अमली पदार्थविरोधी दिन. कॉलेजची समुपदेशक मीच, त्यामुळे त्या दिवसाचं भाषण दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. सांजाव, आमचा गोव्यातला पावसाळी सण, होऊन दोन दिवस झालेले, पाऊस नुसता कोसळत होता, हॉलभर ओल्या छत्र्यांचा वास आणि अर्धी पोरं पेंगतायत. मी नेहमीची टेप लावली, कायदा, जेल, करिअर संपलं वगैरे, आणि शेवटी जोरात म्हटलं, "कुणी काही घेतलेलं कळलं तर मी स्वतः पोलिसांना फोन लावीन." टाळ्यासुद्धा पडल्या.

प्रश्न एकच आला. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गांजा एक किलोपर्यंत चालतो ना?" हॉल खदखदला, मीही हसण्यावारी नेलं.

रात्री साडेनऊला फोन. ताळगावला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आमच्याच पोरांपैकी एकाची मैत्रीण, पेडण्याची, रडवेली. "मॅडम, तो सारखा मरतलो मरतलो म्हणतोय, छाती धडधडतेय, दोनदा ओकला." म्हटलं १०८ लावला का? गप्प. मग हळूच म्हणाली, "तुम्हीच सकाळी बोललात ना, पोलीस."

पोटात गोळा आला. पाऊण तास ही पोरं खोलीचं दार लावून त्याच्या तोंडावर पाणी मारत बसली होती, माझ्या त्या एका वाक्यापायी.

तिला सांगितलं, आधी १०८ लाव, तोवर त्याला कुशीवर ठेव, एकटं सोडू नका, आणखी काही पाजू नका. रेनकोट चढवला आणि स्कूटर काढून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरनी विचारलं काय घेतलं, किती, कधी, तर पोरं एकमेकांकडे बघतायत, एक म्हणतो पायऱ्यांवरून पडला. मी म्हटलं खरं सांगा रे, त्यांना औषधपाणी करायचंय. पोलीस येणारच नाहीत असं वचन मात्र मला देता येईना आणि खोटं बोलायचं नव्हतं.

मग उलगडलं. सहाला गांजा घातलेली अर्धी ब्राउनी खाल्ली, तास झाला तरी काहीच नाही, म्हणून माल डुप्लिकेट समजून उरलेली अर्धीही खाल्ली आणि वर दोन बियर. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, पण खाल्लेला पोटातून लिव्हरमध्ये जातो, चढायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि लिव्हरमध्ये त्याचं जे बनतं ते जास्तच तेज असतं, कित्येक तास उतरत नाही. त्यात दारू म्हणजे ओकाऱ्या आणि गरगर. हे साधं वेळेचं गणित चौघांनाही माहीत नव्हतं, आणि इतक्या वर्षांच्या भाषणांत मी ते एकदाही सांगितलं नव्हतं.

ईसीजी काढला, सलाईन लावलं. याला उतारा म्हणून इंजेक्शन नाही, शांत ठेवायचं, लक्ष ठेवायचं आणि उतरायची वाट बघायची.

बाकावर पहाटे तीनपर्यंत बसलो तेव्हा पोरं मोकळी झाली. तो एक किलो मी तिथे समजावला. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात किलोपर्यंतचा गांजा किंवा १०० ग्रॅमपर्यंतचा चरस ही 'अल्प मात्रा', म्हणजे शिक्षा कमी, माफी नव्हे. वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जवळ काही नसलं तरी नुसतं सेवन हाही गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत. एकाचं पालुपद, "पण भांग तर शंकराची!" नुसती पानं त्या कायद्याच्या व्याख्येत नाहीत हे खरं, पण ब्राउनीत घातलेला गांजा-चरस म्हणजे गांजा-चरसच, केक झाला म्हणून सुटत नाही. दुसरा म्हणे कॅनडात चालतं. चालतं ना, पण तिकडे खाण्याच्या पाकिटात १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, घालता येत नाही आणि किती आहे ते छापावं लागतं. तुमच्या ब्राउनीवर काय छापलेलं होतं? त्यावर कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे गेले, म्हटलं भाषण बदलायचंय. "म्हणजे आता खायचं कसं ते शिकवायचं का?" वाद घालत बसले नाही. सोमवारी वर्गावर्गात जाऊन फळ्यावर १०८ आणि मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लिहिला, आणि पोलिसांना फोन लावीन ते वाक्य मागे घेतलं. सगळ्यांसमोर माघार घेताना कान तापले होते माझे.

आठवड्याने तो मुलगा आला. अजून जिना चढताना छाती धडधडली तरी घाबरतो म्हणाला. बोलता बोलता सहज बोलून गेला, मामाला आवाज ऐकू येतात, वर्षानुवर्षं गोळ्या चालू आहेत. ज्यांच्या घरात असा मानसिक आजार आहे त्यांना गांजाचा धोका इतरांपेक्षा जास्त, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. माझ्या छापील फॉर्मवर घरातल्या आजारांचा रकानाच नाही, पेनने बाजूला लिहून घेतलं. बुधवारी त्याला घेऊन आयपीएचबीत, बांबोळीच्या मानसोपचार हॉस्पिटलात, जायचंय, आईला अजून सांगितलेलं नाही त्याने.