काट्यांना खोबऱ्याचा वास

शनिवार, मे

आई येऊन तीन आठवडे झाले, पण नुसता वारा आणि ढग. आज सकाळी उघडीप मिळाली तशी तिला घेऊन आगगाडीनं नॉर्थ बेरिकला गेले. एडिनबराहून अर्ध्या तासाचा रस्ता. गावामागच्या सपाट शेतांतून एकच टेकडी वर येते, नॉर्थ बेरिक लॉ. इथल्या स्कॉट्स बोलीत ‘लॉ’ म्हणजे टेकडीच. उंची १८७ मीटर. आईचे गुडघे दुखतात, म्हणून नुसता पायथ्याला वळसा घालून परतायचं ठरवलं होतं.

थोडं चाललो आणि आई थांबली. “खोबऱ्याचा वास येतोय गं.”

वाटेकडेला गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी गच्च भरली होती. चार वेळा आलेय मी इथे, पण हा वास कधी जाणवला नव्हता. तिनं काटे चुकवत एक फूल खुडलं, चुरडलं आणि माझ्या नाकाशी धरलं. खरंच, नारळ खवायला घेतला की येतो तसा, ओला, गोडसर. दोघी कितीतरी वेळ तिथेच उभ्या होतो. मग तीच म्हणाली, “चल, वर जाऊ. सावकाश जाऊ.”

सावकाशच गेलो. ही टेकडी म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा, ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. भोवतीचा मऊ खडक हिमनदीनं खरवडून नेला, हा तेवढा टिकला. आपल्या सह्याद्रीचा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, असं सांगितल्यावर आईनं वाकून दगडावर हात ठेवला.

माथ्यावर नेपोलियनच्या काळातल्या टेहळणी चौकीच्या पडक्या भिंती आहेत, आणि देवमाशाच्या जबड्याची कमान. १७०९ पासून इथे अशी कमान उभी आहे. हाडं कुजली की नवी आणायची. शेवटची खरी हाडं २००५ मध्ये उतरवावी लागली आणि २००८ मध्ये फायबरग्लासची कमान बसवली. आई तिच्यावर हात फिरवत होती, तेव्हा हे सांगावं की नाही असं झालं. सांगितलं. ती म्हणाली, “मूर्ती झिजली की आपणही नवी बसवतोच की. जागा तर तीच ना?” आणखी एका देवमाशाचा जीव घेण्यापेक्षा हेच बरं, असं मलाही मनापासून वाटतं.

समोर समुद्रात बास रॉक पांढरा दिसत होता. ते पांढरं म्हणजे गॅनेट पक्षी आणि त्यांची विष्ठा. २०१४ च्या मोजणीत या जातीची जगातली सगळ्यात मोठी वसाहत इथलीच होती. शास्त्रीय नावातलं ‘बासानस’ याच बेटावरून आलं. २०२२ च्या बर्ड फ्लूमध्ये हजारो मेले. जे वाचले, त्यांतल्या कित्येकांच्या फिकट निळ्या डोळ्यांची बुबुळं काळी पडली. आई ऐकून गप्प झाली. मग बराच वेळ डोळ्यांवर हात धरून तिकडेच बघत राहिली.

उतरताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता. खाली आल्यावर मात्र राहिलेला वळसाही पुरा करायचा म्हणाली, आणि केला.

संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावता लावता तिनं रत्नागिरीला मावशीला फोन लावला. देवमासा, बेट, पक्षी सगळं मागाहून आलं. आधी म्हणाली, “अगं, इथे काट्यांना खोबऱ्याचा वास येतो.”