तुम्ही विचारलंत म्हणून : बारावीनंतरची नोकरी आणि ऑस्ट्रेलियाचा कागद

"ताई, डिग्री नाही माझ्याकडे, पण दहा वर्षं आयटीत काढलीत. ऑस्ट्रेलियात ती धरतात का?" हा प्रश्न मला फोंड्याच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, जत्रेतसुद्धा विचारतात. विचारणारे बहुतेक हॉटेलांच्या ईडीपीतले, म्हणजे संगणक विभागातले, वेर्ण्याच्या कारखान्यांतले, म्हापशाच्या कॉम्प्युटर दुकानांतले. मी स्वतः बारावीनंतर कळंगुटच्या बाजूच्या एका हॉटेलात ईडीपीला लागले, आणि त्या कामाच्या जोरावर ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी लागणारं माझं कौशल्याचं मूल्यांकन सिस्टम्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मंजूर झालं. घरच्या कारणामुळे मी पुढे गेले नाही. पण कागद सगळे मी स्वतः जमवले होते, म्हणून विचारायला लोक माझ्याकडे येतात.

हो, धरतात. मात्र तुम्ही किती हुशार आहात हे तिथे कोणी बघत नाही. तुम्ही ते काम केलंत, त्याचा पगार घेतलात आणि त्यातलं तुम्हाला कळतं, या तीन गोष्टी कागदावरून पटल्या पाहिजेत. आपल्याकडची माणसं कामात कमी पडत नाहीत, कागदात पडतात. मला त्याचंच वाईट वाटतं.

आधी व्यवस्था सांगते. ऑस्ट्रेलियात आयटीच्या बहुतेक व्यवसायांचं मूल्यांकन ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते, बोलताना सगळे एसीएस म्हणतात. व्हिसा देणारं सरकारी खातं वेगळं. पदवी नसलेल्यांसाठी एसीएसकडे आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता) नावाचा मार्ग आहे. पदवी-पदविका काहीच नसेल तर एकूण ८ वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातली ६ वर्षं तुम्ही निवडलेल्या व्यवसायाशी जवळून जुळणाऱ्या कामाची हवीत. बी.कॉम. किंवा बी.ए. झालंय पण त्यात संगणक नाही, अशांना एकूण ६, त्यातली ५ जुळणारी. काम पगारी हवं, आठवड्याला किमान २० तासांचं. बिनपगारी शिकाऊ म्हणून काढलेले महिने त्यात येत नाहीत. आपल्या सरकारच्या कौशल विकास योजनेतही आरपीएल नावाचं प्रमाणपत्र मिळतं, आणि कितीतरी मुलं ते फाईलला लावून माझ्याकडे आली आहेत. त्याचा या आरपीएलशी काही संबंध नाही.

मग व्यवसाय निवडायचा. प्रत्येक व्यवसायाला सहा आकडी कोड असतो. इथे लोक घाई करतात. हॉटेलात पदाचं नाव असतं 'आयटी एक्झिक्युटिव्ह' आणि माणूस करत असतो सगळंच: सर्व्हरचा बॅकअप, खोल्यांचं बुकिंग चालवणारं सॉफ्टवेअर, बारचं बिलिंग, वायफाय, सीसीटीव्ही, शिवाय जीएमचा लॅपटॉप. यातलं वर्षानुवर्षं मुख्य काम कोणतं, हे शांत बसून ठरवायला हवं. सर्व्हर आणि युजर सांभाळणं हे मुख्य काम असेल तर सिस्टम्स ॲडमिनिस्ट्रेटर, कोड २६२११३. नेटवर्कची आखणी करून ते उभं करणं असेल तर कॉम्प्युटर नेटवर्क अँड सिस्टम्स इंजिनियर, २६३१११. दुसऱ्या कोडला १८९ हा कोणाच्याही नॉमिनेशनशिवायचा, म्हणजे शिफारशीशिवायचा, व्हिसा मागता येतो. पहिल्याला राज्याचं नॉमिनेशन लागतं. म्हणून सगळ्यांना दुसरा हवासा वाटतो. पण तुमच्या पत्रातली कामं कोडच्या वर्णनाशी जुळली नाहीत, तर तो मागून उपयोग नाही. म्हापशाच्या दुकानात हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्यांचं तर एसीएसकडे कामच नाही. ते मूल्यांकन ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया नावाचं वेगळं कार्यालय करतं, आणि त्याचे नियमही वेगळे.

आता कागद. इथे मी थोडी थांबते, कारण गोव्यातल्या माणसाची खरी अडचण इथेच आहे.

एसीएसला मालकाकडून लेटरहेडवर पत्र लागतं. त्यात नोकरी कधी सुरू झाली, कधी संपली, पूर्णवेळ की अर्धवेळ, पद कोणतं, कोणत्या देशात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज नेमकं काय काम करत होता, हे सगळं हवं. खाली सही करणाऱ्याचं नाव, पद, संपर्क. आपल्याकडे नोकरी सोडताना जे पत्र मिळतं त्यात असतं, 'हा प्रामाणिक आणि मेहनती आहे, आम्ही त्याच्या उज्ज्वल भविष्याची कामना करतो.' पत्र देणाऱ्याची भावना चांगली असते, पण त्यात कामाचा एक शब्द नसतो. मी हॉटेल सोडायच्या आधी माझ्या कामांची यादी स्वतः लिहून वरिष्ठांसमोर ठेवली. त्यांनी वाचली, दोन ठिकाणी दुरुस्त केली आणि एचआरकडून छापून घेतली. आयटीची कामं एचआरला माहीत नसतात, त्यामुळे यादी आपणच द्यावी लागते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त न केलेलं काम त्यात घालू नका.

पत्रासोबत पगाराचा पुरावा. कंपनीत फॉर्म १६ मिळतो, पीएफचं पासबुक असतं, पगार बँकेत येतो. पण पीएफची सक्ती साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आहे. पाच जणांच्या दुकानात पीएफ नसतो, पगार रोख पाकिटात मिळतो, कर बसण्याइतका तो नसतो म्हणून फॉर्म १६ नाही, आणि रिटर्न कोणी भरलेलं नसतं. त्या मुलाने आठ वर्षं उत्तम काम केलेलं असतं आणि त्याची कुठेच खूण नसते. अशांना मी दोनच गोष्टी सांगते. मालकाला विनंती करा, पगार आजपासून बँकेत घाला. आणि कर बसत नसला तरी दरवर्षी रिटर्न भरा. मागचं सगळं भरून निघणार नाही, पण पुढची वर्षं हातची जाणार नाहीत.

डिचोली-सांखळीकडच्यांची गोष्ट आणखी अवघड. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. नंतर काही सुरू झाल्या, पण २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये उत्खनन पुन्हा थांबलं. ट्रक आणि बार्जवाल्यांची तेव्हा खूप चर्चा झाली. पण खाण कंपन्यांच्या ऑफिसांत आयटीचीही माणसं होती. माझ्या ओळखीचा एकजण वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आणि जेटीपर्यंतची नेटवर्क लाईन सांभाळायचा. रात्री काटा बंद पडला की ट्रकांची रांग लागायची आणि याला घरून उठून जावं लागायचं. कंपनीने ऑफिस गुंडाळलं, वरचे साहेब परराज्यात गेले. पत्र द्यायला कोण आहे?

त्याला मार्ग आहे. मालकाचं पत्र मिळणं शक्य नसेल तर त्याच काळात तुमच्यासोबत काम केलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालतं. शक्यतो तो तुमचा वरिष्ठ किंवा बरोबरीचा असावा. तो स्टँप पेपरवर लिहून देतो की आम्ही अमुक काळ एकत्र होतो, आमचं कामाचं नातं असं होतं, हा अमुक कामं करायचा, आणि नोटरीसमोर सही करतो. स्वतःबद्दल स्वतःच केलेलं प्रतिज्ञापत्र चालत नाही. सोबत नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफ, बँक, जे असेल ते जोडायचं. त्या ओळखीच्याने जुन्या सुपरवायझरला शोधून काढलं, ते तेव्हा केपेला राहत होते. सही देताना ते म्हणाले, "अरे, तुझं काम मी नाही सांगणार तर कोण सांगणार?" म्हणून जुन्या सहकाऱ्यांशी संपर्क तोडू नका. ज्यांच्या घरी पोर्तुगीज पासपोर्टसाठी पणजोबांच्या जन्माची पोर्तुगीज काळातली नोंद शोधण्याची धावपळ झाली आहे, त्यांना नोंदीचं मोल मी वेगळं सांगायला नको.

दोन प्रोजेक्ट रिपोर्ट हा आरपीएलचा गाभा. एक गेल्या ३ वर्षांतल्या कामाचा, दुसरा गेल्या ५ वर्षांतल्या. प्रश्न काय होता, तुम्ही काय ठरवलंत, का ठरवलंत, कसं बांधलंत, सुरक्षेचा विचार कसा केलात, हे सविस्तर लिहायचं. शिवाय हे ज्ञान कॉलेजाशिवाय कसं मिळवलंत, हेही मांडायचं. प्राथमिक शाळा मराठीतून आणि घरी कोंकणी, अशा आपल्या मुलांना इंग्रजीत इतकं लिहायचं म्हटलं की धडकी भरते. मग ते तयार रिपोर्ट विकत घेतात. इंटरनेटवर असे विकणारे भरपूर आहेत. ते अजिबात करू नका. एसीएस प्रत्येक रिपोर्ट सॉफ्टवेअरने तपासते, आणि दुसऱ्याशी जुळला तर अर्ज नामंजूर होतो, पुढचं दारही काही काळ बंद होतं. इंग्रजी थोडं चुकलं तर मात्र ते सॉफ्टवेअर अडवत नाही. मी आधी मराठीत लिहिलं. पावसाळ्यात वीज गेली की आमचा बुकिंग सर्व्हर धाडकन बंद पडायचा, डेटा बिघडायचा आणि रिसेप्शनवर पाहुण्यांची गर्दी व्हायची. यूपीएसपासून दुसऱ्या सर्व्हरपर्यंत ती व्यवस्था मी कशी बदलली, ते लिहिलं. मग साध्या इंग्रजीत नेलं. माझा तो रिपोर्ट सगळा त्या सर्व्हररूममधला होता आणि दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता. तुमच्याकडेही असं काहीतरी नक्की आहे. नसेल असं मला वाटतच नाही.

आता एक गोष्ट जी एजंट क्वचितच आधी सांगतात. व्हिसासाठी वय, इंग्रजी, शिक्षण, अनुभव यांचे पॉइंट मोजतात. मूल्यांकन मंजूर झालं म्हणजे सगळी वर्षं पॉइंटमध्ये मिळाली, असं नाही. कुशल ठरण्यासाठी जी ८ वर्षं लागली ती तिथेच खर्ची पडतात. त्यानंतरच्या अनुभवालाच पॉइंट: ३ वर्षं झाली की ५, ५ वर्षं झाली की १०, ८ झाली की १५. अर्ज करण्यासाठी किमान ६५ पॉइंट लागतात आणि व्हिसाचं बोलावणं बहुतेक वेळा त्याहून वरच येतं.

समजा एक ३४ वर्षांचा अविवाहित मुलगा आहे, बारावी पास, बरोबर ८ वर्षांचा अनुभव. वयाचे २५, एकटा असल्याचे १०, शिक्षणाचे शून्य, अनुभवाचे शून्य. आयईएल्ट्समध्ये चारही भागांत ७ आले तर १०, म्हणजे ४५. ४९१ या प्रादेशिक व्हिसाच्या राज्य नॉमिनेशनचे १५ धरले तरी ६०. अडकला. तोच चारही भागांत ८ मिळवून आला तर इंग्रजीचे २०, आणि एकूण ७०. म्हणून मी सांगते की एजंटला पैसे देण्याआधी इंग्रजीला वेळ द्या. वयाचंही तेच. ४० ओलांडलं की वयाचे पॉइंट १५ वर येतात, आणि ४५ नंतर हे व्हिसे मिळतच नाहीत. एसीएसचं पत्र दोनच वर्षं चालतं, त्यामुळे इंग्रजीची तयारी नसताना मूल्यांकन उरकून ठेवण्यात अर्थ नाही.

एजंटबद्दल इतकंच. ऑस्ट्रेलियात बसून हा सल्ला देणाऱ्या, वकील नसलेल्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे आणि त्याचा क्रमांक सरकारी यादीत तपासता येतो. इथे बसलेल्याला ती सक्ती नाही. तरीही क्रमांक विचारा. ज्याच्याकडे आहे तो लगेच देतो.

जर्मनीबद्दलही हल्ली विचारतात. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तिथे आयटीवाल्यांना पदवीशिवाय ईयू ब्लू कार्ड, म्हणजे कुशल माणसांना तिथे राहून काम करायचा परवाना, मिळू शकतं: गेल्या ७ वर्षांतला किमान ३ वर्षांचा, पदवीधराच्या पातळीचा अनुभव हवा. पण तिथल्या मालकाची नोकरी आधी हातात लागते आणि पगाराची किमान मर्यादा आहे. वेर्ण्याला परदेशी क्लायंटसाठी कोड लिहिणाऱ्यांनी हा मार्ग नक्की बघावा. हॉटेलच्या ईडीपीतून थेट तिथे नोकरी मिळवणं कठीण आहे.

राहिला मुलींच्या आया विचारतात तो प्रश्न: "मग आता डिग्री करू दे की नोकरीच चालू ठेवू दे?" मुलगी बाविशी-तेविशीची असेल आणि नोकरीला दोन-तीनच वर्षं झाली असतील, तर माझं मत स्पष्ट आहे. नोकरी सोडू नये आणि इग्नूसारख्या ठिकाणी नाव घालून रविवारी अभ्यास करून बीसीए करावं. संगणकाची पदवी कामाशी नीट जुळत असेल तर एसीएस ८ ऐवजी गेल्या १० वर्षांतली २ वर्षंच मागते, आणि कुशल ठरल्यानंतरचा अनुभव पॉइंटला मोकळा राहतो. शिवाय पदवी म्हणून धरली गेली तर शिक्षणाचे १५. कोणत्या विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी कोणत्या पातळीची धरतात, हे मात्र नाव घालण्याआधी बघा. पण माणूस पस्तिशीचा असेल आणि बारा-तेरा वर्षं काम झालेलं असेल, तर त्याने डिग्रीच्या मागे लागू नये. त्याने उद्या ऑफिसला जाऊन कामांची यादी लिहायला घ्यावी, आणि ज्या साहेबाची सही हवी आहे तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्याकडे जावं.